पाना हाती घेण्याआधी

रिठदच्या पारावर जाऊन कुणी सांगितलं, की आम्ही तुमच्या मुलांना हातानं काम करायला शिकवायला आलो आहोत, तर लोक हसतील. सातवीतली पोर शाळेतून आली की म्हशीला पाणी दाखवते, धाकट्याला कडेवर घेते आणि वेळ पडली तर चार भाकरीही टाकते. नववीतला पोरगा दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनच्या सोंगणीला मजुरांच्या पातीत वाकतो. रात्रीची लाइन आली की बॅटरी घेऊन बापामागं वावरात जातो, मोटर सुरू करायला. बी लावणं, जनावरांची उस्तवार, शेण काढणं, चुलीवर रांधणं या ज्या गोष्टींसाठी शहरातल्या शाळा सहली काढतात आणि पालकांकडून फी घेतात, त्या इथं रोजच्याच आहेत. त्यांना कुणी शिक्षण म्हणत नाही, आणि ज्या रीतीनं त्या मुलांच्या अंगावर पडतात ते पाहिलं तर म्हणूही नये.

मग मुलामुलींनी एकत्र येऊन वस्तू बनवाव्यात, मोडकं दुरुस्त करावं, मोजमाप करावं यासाठी मंडळ काढण्याचा खटाटोप कशाला?

कारण या मुलांच्या वाट्याला काम येतं, कामातला निर्णय येत नाही. एकरी किती बियाणं टाकायचं, मोटर का जळली, फवारणीचा खर्च निघाला की नाही, हे प्रश्न मोठी माणसं सोडवतात. तीही पुष्कळदा कृषी केंद्राच्या काउंटरशी उभं राहून, दुकानदाराच्या तोंडाकडे पाहत. पोराला हुकूम मिळतो: हे धर, ते आण, तिकडं सर. शाळेत उलट. तिथं प्रश्न भरपूर, पण त्यांची उत्तरं आधीच छापलेली आणि हात घडी घालून ठेवलेले. वावरात का म्हणून विचारायची सोय नाही, वर्गात करून बघायची सोय नाही. या पुस्तिकेच्या पुढच्या पानांतले उपक्रम या दोहोंच्या मधल्या जागेसाठी आहेत. मुलाच्या हातात काम देताना त्या कामाचं माप, त्याचा हिशेब आणि ते फसलं तर पुन्हा करून पाहण्याचा अधिकारही द्यायचा, एवढीच यामागची भूमिका आहे.

रिठद हे रिसोड तालुक्यातलं, वाशिम-रिसोड रस्त्यावरचं गाव. खरिपात सोयाबीन आणि तूर, पाणी असेल त्याचा रब्बीत हरभरा किंवा गहू, असा इथला सर्वसाधारण हंगाम. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झाला. २०१८ मध्ये केंद्र सरकारनं देशातल्या मागास जिल्ह्यांना ‘आकांक्षित’ म्हणायला सुरुवात केली तेव्हा महाराष्ट्रातून जे चार निवडले गेले त्यांत गडचिरोली, नंदुरबार आणि उस्मानाबादच्या बरोबर वाशिम होता. आकांक्षा नेमकी कोणाची, हे त्या नावातून कळत नाही. गावातल्या तरुणाची विचाराल तर ती पहाटे कुठल्याही डांबरी रस्त्यावर दिसते: पोलीस भरतीसाठी धावणाऱ्या पोरांच्या रांगेत. त्यातल्या दहांपैकी किती जणांना वर्दी मिळणार हे त्यांनाही ठाऊक असतं. उरलेल्यांनी काय करायचं याचं उत्तर पुण्याच्या कंपनीपाशी येऊन थांबतं. त्या उरलेल्यांचाही या पुस्तिकेत विचार आहे. त्यामुळे ती फक्त शाळकरी मुलांसाठी नाही. दहावी नापास, बारावी पास, बी.ए. होऊन घरी बसलेले असे सगळे तिच्यात धरले आहेत.

अशा कामाचा महाराष्ट्रातला सगळ्यात भक्कम दाखला पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या पाबळ या दुष्काळी गावात आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत पीएच.डी. केलेले, हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात वरच्या पदावर असलेले. ते सगळं सोडून १९८३ मध्ये ते पत्नी मीराबाईंसह पाबळला राहायला आले आणि तिथं विज्ञान आश्रम उभा राहिला. जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांच्या भारतीय शिक्षण संस्थेचं हे केंद्र. कलबाग २००३ मध्ये गेले, तोवर ते पाबळचेच रहिवासी होते. निवृत्तीनंतर खेड्यात जाऊन चार भाषणं करून परतणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. वीस वर्षं त्या पाण्यावाचूनच्या गावात ठाण मांडणारे थोडे.

कलबागांची मांडणी धीट होती. शाळेतून गळालेला मुलगा बुद्धीनं कमी असतो हे त्यांना मान्य नव्हतं. त्याला शिकवण्याची पद्धत चुकली, असं ते धरून चालले. माणूस लहानपणी चालायला, बोलायला, सायकल चालवायला ज्या रीतीनं शिकतो त्याच रीतीनं, म्हणजे करता करता, पुढचंही शिकू शकतो, हा त्यांचा पाया. त्यातून पाबळच्या भैरवनाथ विद्यामंदिरात ‘आयबीटी’ या नावानं ओळखला जाणारा अभ्यासक्रम सुरू झाला. आठवी ते दहावीच्या मुलामुलींनी आठवड्यातला एक पूर्ण दिवस कामाला द्यायचा. विभाग चार: शेती आणि पशुपालन, ऊर्जा आणि पर्यावरण, कार्यशाळा, घर आणि आरोग्य. एकाच मुलानं चारही विभागांतून जायचं. वेल्डिंग येतं पण रोपवाटिका येत नाही, असं चालायचं नाही. माती तपासणं, प्लंबिंग, घरातली वायरिंग, फेरोसिमेंटची टाकी, कोंबड्यांना किती खाद्य घातलं आणि त्यांचं वजन किती वाढलं याची नोंद, रक्तातलं हिमोग्लोबिन पाहणं, असं सगळं त्यात होतं. पुढे राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळानं त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यता दिली आणि तो इतर शाळांतही गेला.

माझ्या मते या अभ्यासक्रमातल्या दोन गोष्टी बाकी सगळ्यांहून मोलाच्या आहेत, आणि नेमक्या त्याच नक्कल करणाऱ्यांकडून सुटतात. एक अशी की मुलांनी केलेलं काम गावाच्या उपयोगाचं असलं पाहिजे, आणि गावानं त्याचे पैसे मोजले पाहिजेत. शाळेच्या प्रदर्शनात मांडायला केलेली टाकी गळली तरी तिला बक्षीस मिळतं. कुणाच्या अंगणात बसवलेली गळली तर घरधनी दारात येतो. तो दारात येणं हीच परीक्षा. दुसरी गोष्ट निदेशकांची. शिकवायला बी.एड. झालेला माणूस हवाच, असा हट्ट नव्हता. गावात ज्याला ते काम येतं आणि त्यावर ज्याचं पोट चालतं, तो शिकवू शकतो. म्हणजे शाळा गावात असूनही गावापासून जी तुटलेली असते, तिला कारागिराच्या रूपानं एक दार मिळालं. २००२ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीचे नील गर्शनफेल्ड संगणकावर चालणारी छोटी यंत्रं खेड्यात नेऊन बसवण्याची कल्पना घेऊन निघाले तेव्हा एमआयटीबाहेरच्या पहिल्या काही फॅब लॅबपैकी एक पाबळला झाली. तिथं तोवर वीस वर्षं पाने-पकडी चालत होत्या, म्हणून संगणकाचं यंत्र आल्यावर कुणी बिचकलं नाही. क्रम असा होता, हे ध्यानात ठेवावं.

रिठदला पाबळ करायचं नाही. ते जमणारही नाही. कलबाग रोज जन्मत नाहीत. पण निदेशक मात्र प्रत्येक गावात आहेत. मोटर रिवाइंडिंगवाला, वेल्डिंगच्या दुकानातला, सुतार, ट्रॅक्टरचा मिस्त्री, शिवणकाम करणारी बाई, आणि गवंडी.

गवंड्याचं उदाहरण थोडं सविस्तर सांगतो. घराचा पाया आखताना तो कोपऱ्यातून दोन दोऱ्या ताणतो. एकीवर तीन फुटांवर खूण करतो, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन खुणांमधलं तिरपं अंतर बरोबर पाच फूट भरेपर्यंत दोरी सरकवतो. पाच भरले की कोपरा गुण्यात आला. नववीतल्या मुलानं पायथागोरसचं प्रमेय पाठ केलेलं असतं. तीन, चार, पाच हे त्रिकूटही त्याला तोंडपाठ असतं. तरी तो त्या दोरीजवळून रोज जातो आणि त्याला ते प्रमेय दिसत नाही. गवंड्याला प्रमेय ठाऊक नाही, पण ते कुठं वापरायचं हे ठाऊक आहे. दोघांना एका पायावर उभं केलं की गंमत सुरू होते. मुलगा विचारतो, सहा, आठ, दहा घेतले तर? गवंडी म्हणतो, मोठ्या पायाला आम्ही तेच घेतो. असं का घेतात, मोठ्या मापात चूक कमी का होते, हा प्रश्न आता दोघांचा. पाणी भरलेल्या नळीनं दोन टोकांची पातळी काढणं, ओळंब्यानं भिंत पाहणं, हे सगळे पदार्थविज्ञानाचे धडे आहेत आणि त्यांना प्रयोगशाळेचं भाडं नाही. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत उतरलेल्या गावांतल्या तरुणांनी ए-फ्रेम आणि हायड्रोमार्कर घेऊन शिवारात समपातळीच्या रेषा आखल्या, तेव्हा भूगोलाच्या पुस्तकातली समोच्चरेषा पहिल्यांदा पायाखाली आली. आपल्या जिल्ह्यातला कारंजा तालुका त्या स्पर्धेत होता.

पुस्तिकेतला पहिला उपक्रम सोयाबीनच्या उगवणशक्तीचा आहे, आणि तो पहिला ठेवण्यामागं कारण आहे. २०२० च्या खरिपात पेरलेलं सोयाबीन उगवलंच नाही अशा हजारो तक्रारी राज्यभरातून आल्या. दुबार पेरणी म्हणजे बियाणं, खत, ट्रॅक्टर, मजुरी सगळं पुन्हा. आणि हंगाम मागं गेला तो वेगळाच. सोयाबीनचं बी मुळात नाजूक. कवच पातळ, अंकुर कवचालगत. मळणी यंत्राचा ड्रम जोरात फिरला, पोती उंचावरून आपटली, थप्पी जास्त उंच रचली की वरून धडधाकट दिसणारा दाणा आतून मेलेला असतो. डोळ्यांना कळत नाही. तपासावं लागतं, आणि तपासणी इतकी सोपी आहे की ती मुलांनी करावी.

ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत शंभर दाणे मांडायचे, वरून दुसरं ओलं गोणपाट, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्यानं उघडून चांगले, सरळ कोंब मोजायचे. अशा तीन गुंडाळ्या केल्या तर सरासरीला अर्थ येतो. एकीवर विसंबू नये. सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर शिफारशीप्रमाणं एकरी ३० किलो बियाणं पुरे. साठ उगवले तर? इथं पाचवी-सहावीतलं त्रैराशिक कामाला येतं: ७० गुणिले ३०, भागिले ६०, म्हणजे ३५ किलो. त्याच्या खाली गेलं तर ते बी पेरू नये, खायला-विकायला काढावं. कृषी खातं ही चाचणी दर उन्हाळ्यात सांगतं. भिंतीवर पत्रकं लागतात. तरीही ज्यांनी खरोखर गोणपाट भिजवलं अशी घरं थोडी, कारण मे महिन्यात लग्नं असतात, ऊन असतं, आणि घरच्या बियाण्यावर संशय घेणं माणसाला अपशकुनासारखं वाटतं. तेच काम मुलांच्या मंडळानं अंगावर घेतलं, घरोघरून शंभर-शंभर दाण्यांच्या पुड्या आणल्या, प्रत्येक पुडीवर नाव लिहिलं आणि आठ दिवसांनी कास्तकाराच्या हातात चिठ्ठी दिली, तर काय होईल याचा विचार करा. ज्या पोराला काल ‘ते पोतं सरकव’ म्हटलं गेलं, तोच आज सांगतो की या पोत्यातलं बी पेरू नका. बाप ऐकेलच असं नाही. पण त्याला उत्तर द्यावं लागेल.

याला जोडूनच पर्जन्यमापक. पाऊस ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका, असा सल्ला दर जूनमध्ये मिळतो. वावरात किती पडला हे मात्र कुणी मोजत नाही. सरळ बाजूंची बाटली, तिच्या तळाशी खडे आणि पाणी घालून आणलेली शून्याची रेघ, बाजूला चिकटवलेली पट्टी, एवढं पुरतं. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर अतिवृष्टी धरतात. पण मंडळाचं यंत्र एका ठिकाणी आणि ढग दुसऱ्या ठिकाणी, हा आपला नेहमीचा अनुभव. मुलांच्या बाटलीला सरकारी दप्तरात किंमत नाही, हे आधीच सांगून टाकावं, नाहीतर ती पहिल्याच वर्षी हिरमुसतात. किंमत वेगळ्या ठिकाणी आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे कळल्यावर मूल घराच्या पत्र्याकडे वेगळ्या नजरेनं पाहतं. वीस बाय तीस फुटांच्या पत्र्यावर दहा मिलिमीटरचा एक पाऊस म्हणजे साडेपाचशे लिटर. मग एप्रिलमध्ये हंडे कशाला वाहायचे, हा प्रश्न बहुतेक वेळा मुलीच विचारतात, कारण हंडे त्यांच्याच डोक्यावर असतात.

मुलांच्या हातून मोठ्यांची शेती बदलवण्याची ही युक्ती जुनी आहे. अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विद्यापीठातले तज्ज्ञ नवं बियाणं, नवी मशागत सांगत फिरत, आणि शेतकरी त्यांना वाटेला लावत. बापजाद्यांची शेती कागदवाल्यांकडून कोण शिकणार? तेव्हा १९०२ मध्ये ओहायो राज्यात ए. बी. ग्रॅहम नावाच्या शाळा-अधिकाऱ्यानं मुलांचे गट जमवले, आणि पुढच्या काही वर्षांत दक्षिणेकडच्या राज्यांत मुलांचे ‘मका क्लब’ निघाले. मुलाला बापाच्या शेतातला एक एकर द्यायचा, त्यावर त्यानं नव्या पद्धतीनं मका लावायचा, नोंदी ठेवायच्या. १९१० मध्ये साउथ कॅरोलायनातल्या जेरी मूर नावाच्या पंधरा वर्षांच्या पोरानं एका एकरात २२८ बुशेलांहून जास्त, म्हणजे आपल्या हिशेबानं सुमारे ५८ क्विंटल मका काढला. अख्ख्या प्रांतात गाजावाजा झाला. जे भाषणांनी झालं नव्हतं ते शेजारच्या पोराच्या कणसांनी केलं. याच गटांतून पुढे फोर-एच ही चळवळ उभी राहिली. कालांतरानं तिच्यावर जत्रांतली बक्षिसं आणि निळ्या फिती यांचा भारही चढला. आपण तो सुरुवातीलाच टाळावा; एकदा ढाल ठेवली की मूल ढालीसाठी काम करतं आणि शिक्षक ढालीसाठी मुलाचं काम स्वतः करतो.

त्याच १९१० सालची दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. मका क्लब मुलग्यांचे होते. साउथ कॅरोलायनातल्या एकेन परगण्यात मेरी क्रोमर या शिक्षिकेनं मुलींसाठी टोमॅटो क्लब काढला. एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे चार गुंठे, मुलीच्या नावानं. टोमॅटो पिकवायचे, डब्यांत भरायचे, विकायचे, आणि पैसा मुलीचा. त्यातून काहींचं पुढचं शिक्षण झालं.

आपल्याकडे मंडळ काढलं की काय होतं हे सांगायला ज्योतिषी नको. मुलगे वेल्डिंगकडे, मुली मेंदीकडे. पुढच्या पानांतल्या एकाही उपक्रमावर ‘मुलींसाठी’ असं लिहिलेलं नाही ते यासाठी. शिलाई यंत्राचा पट्टा, शटल, तेलपाणी मुलग्यांनी खोलून पाहावं. सायकलचं पंक्चर, मिक्सरची वायर, नळाचा वॉशर मुलींनी. पाना आधी मुलीच्या हातात द्यावा, एवढा पक्षपात मंडळात चालेल. कारण मुलगा तो नंतर कसाही मिळवतो. वेळही मुलींना झेपेल अशी हवी. संध्याकाळी सातला बैठक ठेवणं म्हणजे मुलींना येऊ नका म्हणणं.

आता जुनी जखम. हातानं काम करून शिकण्याचा विचार या विदर्भाला नवा नाही. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेत गांधीजींनी नई तालीम मांडली, झाकिर हुसेन समितीनं अभ्यासक्रम केला, सेवाग्रामला शाळा निघाली. पुढे देशभर हजारो शाळांवर ‘बुनियादी’ची पाटी लागली आणि ती पाटीच उरली. कारणं अनेक सांगितली जातात. मला वाटतं पालकांनी एक गोष्ट अचूक हेरली होती: साहेबाच्या मुलाला पुस्तक आणि कास्तकाराच्या मुलाला टकळी. ज्या शिक्षणाला सांगणाऱ्याची स्वतःची मुलं जात नाहीत, त्याला गाव का पाठवील? आजही ‘कौशल्य शिक्षण’ म्हटलं की शिक्षकखोलीत पहिली नावं निघतात ती गणितात मागं असलेल्या पोरांची. मंडळ त्या वाटेनं गेलं तर ते बंद पडलेलंच बरं. वर्गातली पहिली आलेली मुलगी आणि दोनदा नापास झालेला मुलगा एकाच स्टार्टरच्या पेटीवर वाकलेले दिसले पाहिजेत. बऱ्याचदा तिला तारेची आकृती वाचता येते आणि त्याला स्क्रू कुठं अडकलाय ते कळतं.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. अटल इनोव्हेशन मिशनमधून शाळांना प्रयोगशाळेसाठी वीस लाखांपर्यंत अनुदान मिळतं. मिळत असेल तर घ्यावं, पण त्याची वाट पाहू नये. महागड्या वस्तूंचा एक धर्म असतो: त्या कपाटात जातात, किल्ली मुख्याध्यापकांकडे जाते, आणि मोडली तर भरून कोण देणार या भीतीनं थ्री-डी प्रिंटरचं प्लास्टिकसुद्धा निघत नाही. अरविंद गुप्तांची वाट याच्या उलट. आयआयटी कानपूरचे अभियंते, पुण्यात टेल्कोत नोकरी. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात १९७८ मध्ये ते गेले आणि तिथं काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी यांतून त्यांनी भूमितीचे सांगाडे उभे केले. पुढे पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी कचऱ्यातून शेकडो खेळणी केली. मोडलेलं खेळणं पुन्हा करता येतं, म्हणून मूल ते मोडायला भीत नाही. रिसोडच्या आठवडी बाजारात एका फेरीत मिळेल तेवढ्या सामानात पुढचे बहुतेक उपक्रम बसवले आहेत. माती परीक्षणासारखं जे घरी होत नाही, त्यासाठी करड्याचं कृषी विज्ञान केंद्र याच तालुक्यात आहे. नमुना घेण्याची रीत, व्ही आकाराचा खड्डा, मातीचे चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकत अर्धा किलोपर्यंत येणं, हे सगळं मुलांनी करायचं आणि पिशवी तिकडं न्यायची.

काही गोष्टी पुस्तिकेत मुद्दाम नाहीत. फवारणी नाही. २०१७ मध्ये शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकाच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. अठरा वर्षांखालच्या कुणाच्याही हाती पंप देऊ नये, पातळ औषधाच्या रिकाम्या बाटलीलाही हात लावू नये. कामगंध सापळे लावून त्यातले पतंग मोजणं, पक्ष्यांसाठी थांबे उभारणं हे मात्र भरपूर आहे. थ्री-फेज वीज नाही. लहानांनी सेलवर आणि बारा व्होल्टच्या बॅटरीवर शिकावं, स्टार्टरची पेटी उघडायची ती वायरमन सोबत असताना आणि तार खांबापासून सुटलेली असताना. विहिरीची पाणीपातळी मोजताना कठड्यावर चढायचं नाही. आणि मंडळाच्या नावाखाली कुणाच्या वावरात फुकट निंदण करवून घ्यायचं नाही. हे शेवटचं लिहावं लागतं याचं वाईट वाटतं, पण ‘श्रमसंस्कार’ हा शब्द ऐकला की काहींना मजूर दिसू लागतात.

मंडळ कोणी चालवायचं? एकट्या शिक्षकावर सोडलं तर बदलीबरोबर ते जातं. एखाद्या संस्थेवर सोडलं तर प्रकल्पाची मुदत संपली की जातं. तीन माणसं असावीत: एक शिक्षक किंवा शिक्षिका, एक कारागीर, आणि विशीतला एक तरुण किंवा तरुणी, ज्याला गावात राहायचं आहे. तिसरा माणूस शोधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करावी. वर्षाचं वेळापत्रक शाळेच्या नव्हे, हंगामाच्या अंगानं लावलं आहे. मेमध्ये बियाणं, जूनमध्ये पाऊस, श्रावणात कीड, सोंगणीच्या महिन्यात काहीच नाही. तेव्हा घरात माणसं कमी पडतात आणि मंडळानं हट्ट धरला तर ते मोडतं. बांधकाम आणि दुरुस्ती हिवाळ्यात. फेब्रुवारी-मार्च परीक्षेला सोडून द्यावा.

शेवटी हिशेबाची वही. प्रत्येक उपक्रमाच्या शेवटी एक कोरा तक्ता आहे: सामान किती रुपयांचं, वेळ किती तास, वाया काय गेलं, किंमत काय लावली. तो भरल्याशिवाय काम पूर्ण धरू नये. पहिल्यांदा मुलं स्वतःच्या मजुरीपुढं शून्य लिहितात. घरी त्यांच्या कामाची तीच किंमत असते. त्यावर बोलावं, घाई न करता. आईच्या कामापुढं किती लिहायचं, हा प्रश्न त्यातूनच निघेल आणि तो टाळू नये. पहिली कमाई थोडीच असेल. दोन सायकली, एक सिलिंग फॅन, चार कुंड्या. ती मोठ्यांनी ‘चांगल्या कामासाठी’ बाजूला काढून ठेवू नये. काय करायचं ते मुलांनी बैठक घेऊन, वहीत लिहून ठरवावं. बहुधा ते क्रिकेटची बॅट आणतील. मुली बॅटला विरोध करतील, भांडण होईल, आणि पुढच्या बैठकीला नेहमीपेक्षा जास्त जण येतील.